पॅलिओ, पेट्रोल आणि बाबांची डायरी

गाडीवाल्यांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांना शून्य ते शंभर किती सेकंदांत हे पाठ असतं. दुसरे, जे सिग्नलला शेजारी येऊन आपल्याला काच खाली करायला लावतात आणि विचारतात, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते हो?’’ आपण पुणेकर बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. त्यात लाजायचं काय? पण आमच्या घरी हे दोन्ही प्रकार एकाच माणसात वस्तीला आले होते. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा बँकेत. आयुष्यभर हिशेबात राहिलेले. आधी स्कूटर, मग मारुती ८००, दर महिन्याला आरडी. आणि २००४ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस एका शनिवारी लालभडक फियाट पॅलिओ १.६ घेऊन सोसायटीत शिरला. सेकंडहॅण्ड, दोन वर्षं वापरलेली. आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला माझे बाबा पहिल्यांदाच सॉलिड कूल वाटले.

आज पंचविशीत असलेल्यांसाठी थोडा इतिहास. पॅलिओ भारतात आली सप्टेंबर २००१ मध्ये. जाहिरातीत साक्षात सचिन! तिची १.२ इंजिनवाली बहीण शहाणी, मध्यमवर्गीय. १.६ मात्र वेगळंच प्रकरण. सोळा व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. जुन्या मारुती ८००ला ३७ असायचे, म्हणजे काय ते समजून घ्या. दोन दरवाजे आणि उघडं छप्पर असेल तरच स्पोर्ट्‌स कार म्हणायचं, असा कुणाचा आग्रह असेल तर असो बापडा. कोथरूडच्या पार्किंगमध्ये आमची हीच स्पोर्ट्‌स कार होती. आणि स्पोर्ट्‌स कारसारखीच ती प्यायची. त्या काळी पॅलिओ १.६ म्हटलं की लोक आधी पिकअपबद्दल बोलायचे आणि लगेच पेट्रोलबद्दल.

तर ही गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. बाबांची बायपास झाली, त्यानंतर रात्रीचं नीट दिसेना, आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझं ऑफिस हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस जायचं. इकडची तिकडची कामं धरून महिन्याला ७०० किलोमीटर. पहिली टाकी भरली, संपवली, पुन्हा भरली. २१८ किलोमीटरला ३१.६ लिटर. म्हणजे लिटरला ६.९!

माझा नवरा एक्सेलवाला माणूस. त्याने तिथल्या तिथे शीट उघडली. शंभरीच्या वर गेलेलं पेट्रोल, महिन्याला शंभर लिटर, म्हणजे साडेदहा हजार. घराचा ईएमआय आधीच मानगुटीवर. त्यात गाडीचं रजिस्ट्रेशन २०२७ मध्ये पुन्हा रिन्यू करायचंय, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालीय. भंगारवाला चाळीस हजार द्यायला तयार होता. नवरा वाईट नाही हो. त्याने मला तीन महिने दिले. ‘‘शहरात दहाच्या वर काढून दाखव, मी परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर विकू.’’

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘विकून टाका की. मला काय!’’ आणि पेपर तोंडासमोर धरला. पुढची वीस मिनिटं पान उलटलं नाही.

संध्याकाळी मात्र त्यांनी कपाटातून एक जाड डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. बँकेची, रेक्झिनच्या कव्हरची. आत २००४ पासूनचा प्रत्येक पेट्रोल भरल्याचा हिशेब! तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, अ‍ॅव्हरेज आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘दिवाळी, सातारा.’ ‘टायर हवा.’ ‘क्लच बदलला.’ वीस वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. टिपिकल!

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं की आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, ‘‘वय झालं हो तिचं.’’ डायरी वेगळंच सांगत होती. २००५ मध्ये सरासरी ११.८. २०१२ मध्ये किंचित खाली, १०.८. २०१६ पर्यंत तेच. आणि मग २०१७च्या एप्रिलमध्ये एकदम ८.२! त्यानंतर कधीच साडेआठच्या वर नाही. वय असं येत नाही. वय हळूहळू येतं. हा तर जिन्यावरून पाय घसरल्यासारखा आकडा होता. त्या महिन्यातला शेरा होता, ‘आरटीओ फिटनेस. रेडिएटर काम. पास.’

गाडीची पंधरा वर्षं तेव्हा पूर्ण झाली होती. रिन्यूअलसाठी एका गॅरेजमध्ये तिची डागडुजी झाली, आणि त्याच वर्षी बाबा रिटायर झाले. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडायला लागली. आकडा कमी येतोय याचं कारण सगळ्यांना आयतंच मिळालं, की गाडी उभी असते, छोट्या फेऱ्या होतात. डायरी लिहिली जात होती, पण मागची पानं कोण उलटतं?

मी डायरी घेऊन कर्वेनगरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. तिथले काका पद्मिनीच्या जमान्यातले. त्यांनी लॅपटॉप लावला नाही. गार इंजिन सुरू करायला सांगितलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले. दोन मिनिटांत म्हणाले, ‘‘ताई, हा पाइप आत्ताच कोमट व्हायला नको.’’ मग त्यांनी एक झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट असायला हवा होता. नव्हता. तिथे नुसतंच भोक!

थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटासा झडपेचा दरवाजा. इंजिन ८०-९० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो काढून टाकला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन आरामात गारच राहतं. आपल्याला वाटतं, बरंच आहे की! पण गाडीतला कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडतो. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो जास्त सोडतो. पूर्वी स्कूटरला सकाळी चोक ओढायचो ना, तेच. आमची पॅलिओ थोडक्यात सात-आठ वर्षं अर्धा चोक ओढून फिरत होती. टेम्परेचरचा काटा हायवेला मध्यापर्यंत कधी जायचाच नाही, आणि आम्ही सगळे ‘काय मस्त थंड चालते गाडी’ म्हणून खूश.

थर्मोस्टॅट काढणारा माणूस लबाड असतो असं नाही. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय. त्याचे क्षार साठतात, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकतो, गाडी उकळते. मेकॅनिकने तो काढला की गाडी परत उकळत नाही, गिऱ्हाईक खूश. ‘आपल्याकडे एवढी गरमी, तो कशाला लागतोय?’ हा फंडा कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आलाय. त्या गाड्यांत तापमानाचा आकडा बघून पेट्रोल मोजणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो खपूनही गेला.

पार्ट नाना पेठेत मिळाला, दुसऱ्या दुकानात. हजाराच्या आत. नळाच्या पाण्याऐवजी नीट कूलंट भरलं. पुढची टाकी, ८.६.

सांगायचा मुद्दा हा की, आपण सगळे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. मित्रांना विचारलं तर कुणी म्हणालं एअर फिल्टर बदल, कुणी म्हणालं प्रीमियम पेट्रोल टाक, कुणी पेट्रोलच्या नळीला लावायच्या चुंबकाची लिंक पाठवली. एअर फिल्टरबद्दल सांगते. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर चोंदला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये खास फरक पडला नाही. पिकअप कमी झाला. बदला जरूर, पण चमत्काराची वाट बघू नका. चुंबकं, गोळ्या, जादूच्या पुड्या यांच्याबद्दल तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, शंभराहून जास्त अशी उपकरणं तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. आणि ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतच नाही, त्याला महागडं पेट्रोल म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीत केशर.

दुसरं दुखणं मीच शोधलं, याचा मला अजून अभिमान आहे. ऑफिसला पोचल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघायचा. जवळ, लावायचा नाही, भाजतं! मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्याने हॅण्डब्रेकची केबल गंजली होती आणि ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबत होतं. म्हणजे मी एक पाय बांधून धावत होते. केबल बदलली. त्याच फेरीत काकांनी मूळचा ऑक्सिजन सेन्सर काढून नवा बसवला. सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुराचा वास घेणारं हे नाक म्हातारं झालं की कॉम्प्युटरला उशिरा आणि चुकीची खबर देतं, आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. पीयूसीच्या जुन्या पावत्यांवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर वर्षी मर्यादेच्या जवळ सरकत होता, ती खूण आधीपासून होतीच. टाकी भरली, ९.८.

२०१२ची पायरी राहिली. तिचं उत्तर घरातच होतं. त्या वर्षी माझा भाऊ कॉलेजात होता! त्याने बाबांना पटवून रुंद टायर बसवले, बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला आणि डिकीत वूफर. कोन फिल्टरने आवाज वाढतो. इंजिनाजवळची गरम हवा ओढून ताकद काय वाढणार? वूफर आणि त्याची लाकडी पेटी उतरवली. (भाऊ आता शिकागोत आहे. फोनवर म्हणाला, ‘‘ताई, वूफर फेकू नकोस हं.’’ लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसाची मागणी आहे ही!) टायर तसेही जुने होऊन कडक झाले होते, म्हणून नवे घेताना कंपनीने सांगितलेल्या मूळ साइजचे घेतले. एक गोष्ट मात्र मधे सांगून ठेवते. टायरचा व्यास बदलला की किलोमीटरचा काटाही थोडा खोटं बोलतो. मी मोबाइलच्या जीपीएसशी पन्नास किलोमीटर ताडून बघितलं आणि मगच शीटमध्ये आकडा टाकला. एक्सेलवाल्याशी संसार करायचा तर पुरावा लागतो.

टायरमधल्या हवेचं स्तोम मात्र जरा जास्तच आहे. चारी टायरमध्ये एक पीएसआय कमी असेल तर फरक ०.२ टक्क्याच्या आसपास. दहा पीएसआय कमी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा पेट्रोलपेक्षा टायर फुटायची काळजी करा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर गार असताना भरा आणि विसरून जा.

आता उरला माझा उजवा पाय.

इथे बाबा कामाला आले. एका रविवारी ते शेजारच्या सीटवर बसले. तोवर मी समजत होते की अ‍ॅव्हरेज काढायचं म्हणजे बैलगाडीसारखं चालवायचं. चांदणी चौकाच्या पुढे मी पाय अगदी हलका ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये, कुथत कुथत वेग वाढवत होते. बाबा म्हणाले, ‘‘अगं, दाब की! दाब आणि पटकन वरचा गिअर टाक.’’ आणि ते बरोबर होतं. पेट्रोल इंजिनात हवा एका झडपेतून आत येते. पाय अर्धवट ठेवला की ती झडप अर्धवट बंद, आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढायलाच मेहनत पडते, कुणी स्ट्रॉ चिमटीत धरून मिल्कशेक प्यायला लावल्यासारखी. त्यापेक्षा कमी आरपीएमवर जरा मोकळा पाय द्यायचा, हव्या त्या वेगाला पोचायचं आणि लगेच चौथा, पाचवा. इंजिन गुरगुरून हादरायला लागेल इतकं खाली मात्र न्यायचं नाही.

‘‘आणि ब्रेक मारलास म्हणजे विकत घेतलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतलंस,’’ हे त्यांचं लाडकं वाक्य. म्हणून नजर पुढच्या गाडीवर नाही, पुढच्या पाचव्या गाडीवर. सिग्नल लाल दिसला की पाय काढायचा, पण गाडी गिअरमध्येच ठेवायची. इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आरपीएम आयडलिंगच्या जवळ उतरेपर्यंत कॉम्प्युटर पेट्रोल चक्क बंद करतो. शून्य! उलट न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं.

यावर मात्र आमचं भांडण झालं. कारण जुन्या कात्रज घाटातून उतरताना न्यूट्रल करायचं, हे बाबांच्या पिढीचं बाळकडू. त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की कार्ब्युरेटरच्या गाडीत अशी पेट्रोल बंद करायची सोय नसायची. गिअरमध्ये उतरतानाही इंजिन थोडं पीतच राहायचं. त्यांचा हिशेब तेव्हा अगदीच चुकीचा नव्हता, पण घाटात ब्रेक तापवणारा जीवघेणा प्रकार तेव्हाही होता. बाबांनी मान्य केलं का? ‘‘बघू,’’ म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ होतो हो.

हायवेचं गणित सगळ्यात सोपं आणि सगळ्यात नावडतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १००वर गेलात की हवा दीडपटीहून जास्त जोराने मागे ढकलते. साताऱ्याला जाताना मी ८०-८५ने गेले तर पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, आणि वाटेत मिसळीला थांबण्यात आपण त्याहून जास्त घालवतोच.

खरं सांगू? मला वाटलं होतं हे सगळं करताना गाडीची मजा जाईल. झालं उलटंच. ब्रेक न मारता वळण घ्यायचं तर वळणाचा अंदाज आधी यावा लागतो, गिअर नेमका पडावा लागतो, स्टिअरिंग एकदाच आणि बरोबर फिरवावं लागतं. आणि ही गाडी त्यासाठीच बनलीय. सिग्नलवरून सगळ्यात आधी सुटणं कुणालाही जमतं, आजकाल तर स्कूटरलाही. बावधनच्या उतारावरून वाकडपर्यंत एकदाही ब्रेकला पाय न लावता पोचणं, तेही मागच्याचा हॉर्न न खाता, याला कौशल्य लागतं. मला आतापर्यंत दोनदा जमलंय.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटची टाकी ३३१ किलोमीटर, २९.८ लिटर. ११.१!

बाबांच्या २००५च्या आकड्यापेक्षा कमीच, असं नवरा म्हणाला. मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. २००५चं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर येतं ते ई-२०, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-१०साठी जुळवलेल्या कारचं अ‍ॅव्हरेज ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी घटेल. ते धरलं तर आमची पॅलिओ पुन्हा ११.८च्या आसपासच आहे. शीटमध्ये त्याने निमूटपणे एक नवा रकाना वाढवला.

मात्र ई-२०चा प्रश्न अ‍ॅव्हरेजपुरता नाही. इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबराला त्रास देतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवणं सगळ्यात वाईट. तुमच्याकडे अशी वीस वर्षांची लाडकी असेल तर पेट्रोलच्या नळ्या एकदा बघून घ्याच. वास आला, चीर दिसली, तर अ‍ॅव्हरेजचा विचार नंतर. आमच्या नळ्या पुढच्या महिन्यात बदलायच्या आहेत, इथेनॉल सोसणाऱ्या.

पैशांचं बोलायचं तर टायर सोडून माझे एकवीस हजार गेले. महिन्याला चार हजार वाचतात, म्हणजे पाच-सहा महिन्यांत वसूल. नवी छोटी गाडी यापेक्षा खूपच जास्त अ‍ॅव्हरेज देते, हे मलाही कळतं. पैसे वाचवायला म्हणून कुणी जुनी पॅलिओ घ्यायला निघालं तर मी त्याला रस्त्यात अडवीन. पण जी दारात उभी आहे, तिला ‘वय झालं’ म्हणून भंगारात काढण्याआधी तिच्या जुन्या पावत्या एकदा चाळा.

डायरी आता मी लिहिते, पण शेऱ्याचा रकाना बाबांनी स्वतःकडे ठेवलाय. परवा ११.१च्या पुढे त्यांनी काय लिहिलंय ते बघितलं. बँकेतल्या बारीक अक्षरात, ‘मुलगी ब्रेक कमी मारते. घाटात पाहू.’